प्राचीन धर्मसंगीत आणि आपलें कर्तव्य

(ज्युबिली-सप्ताहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मंदिराचा इतिहास सांगावा, बांधकामाचे दाते आठवावे, होऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें कृतज्ञतेनें उच्चारावीं, अशी आपली रीत आहे. या सप्ताहांत इतर वक्त्यांनीं तें कार्य उत्तम प्रकारें केलें आहे. आम्हांस मात्र चालकांनीं संगीताविषयीं बोलण्याची आज्ञा केली. विषय पाहतां लहान. परंतु थोडा विचार करूं लागतांच दिसून येतें कीं, भिंत पडली तर पुन्हां उभारतां येते, नोंदवही हरवली तर तिची नक्कल दुसरीकडे सांपडूं शकते. गाणें मात्र ज्याच्या कंठांत असतें त्याच्याबरोबरच जातें. म्हणून ज्युबिलीच्या या वर्षीं प्राचीन धर्मसंगीताचें एक लहानसें सत्र, म्हणजे कांहीं गायनाचे कार्यक्रम, कांहीं व्याख्यानें व कांहीं शिक्षणवर्ग, आपल्या येथें भरवावें, ही सूचना आपल्यापुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तत्पूर्वीं हें संगीत म्हणजे काय, तें आपल्या मराठी मुलखांत कसें आलें व कसें गेलें, आणि आतां कोठें कसें परत आणिलें जात आहे, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

पाश्चात्य ख्रिस्तसभेचें सर्वांत जुनें गान तें ग्रेगोरियन गान होय. सन ६०४ त निवर्तलेले पोप थोर संत ग्रेगरी यांचें नांव त्यास परंपरेनें मिळालें आहे. तथापि त्याचें आज ज्ञात असलेलें रूप त्यांच्यानंतर, आठव्या-नवव्या शतकांत, फ्रँक राजांच्या मुलखांत सिद्ध झालें, असें अभ्यासकांचें मत आहे. या गानांत एकच स्वरपंक्ति असते व ती सर्वांनीं मिळून गावयाची असते. मृदंग नाहीं, ठेका नाहीं; शब्दांचा श्वास हाच त्याचा ताल. त्यांत आठ ठराविक स्वररचना असून प्रत्येकीचा एक विश्रांतीचा स्वर व एक पठणाचा स्वर नेमलेला आहे. आपल्याकडील राग व या स्वररचना एक नव्हेत. परंतु न्यास व वादी हे शब्द ज्यांस ठाऊक आहेत त्यांस हें तत्त्व समजावयास अर्धा तासही लागणार नाहीं. अकराव्या शतकांत इटलींतील ग्वीदो नांवाच्या मठवासी संन्याशानें रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धति पक्की केली, आणि संत योहान बाप्तिस्त यांच्या एका लॅटिन स्तोत्रांतील चरणांचीं आद्याक्षरें घेऊन उत्, रे, मी, फा, सोल, ला हीं स्वरनामें मुलांस शिकविलीं. ज्या शिक्षकानें आपल्या गांवांत मुलांकडून सा रे ग म घोटवून घेतलें, त्यास ग्वीदोची युक्ति परकी वाटावयाचें कारण नाहीं.

या एकस्वरी गानावरच पुढें अनेकस्वरी गानाची इमारत उभी राहिली. चार, पांच, सहा कंठ निरनिराळ्या पंक्ति एकाच वेळीं गातात व त्या एकमेकींत गुंफल्या जातात. सोळाव्या शतकांत रोममध्यें पालेस्त्रीना, स्पेनचा व्हिक्तोरिया आणि इंग्लंडमध्यें विल्यम बर्ड यांनीं ही कला कळसास नेली. यांपैकीं बर्डचें चरित्र आपण विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याच्या देशांत कॅथोलिक उपासनेवर त्या काळीं बंदी होती. अशा स्थितींत त्यानें तीन मिस्सांचें संगीत रचून सन १५९२ ते १५९५ च्या सुमारास मुखपृष्ठाविनाच छापविलें. भव्य मंदिरांसाठीं तें रचलेलें नव्हतें. बंद दाराआड जमलेल्या चार-दोन माणसांनीं हळू आवाजांत गावें, अशासाठीं तें होतें.

याच बर्डच्या पिढींतला, याच इंग्लंडांतून परागंदा झालेला एक तरुण २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्याच्या बंदरांत उतरला. तो म्हणजे फादर थॉमस स्तीफन्स. आपली भाषा त्यांनीं आत्मसात् केली, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण रचिलें. सन १६१६ त रायतूर येथें तें रोमन लिपींत छापून निघालें व १६४९ आणि १६५४ सालीं त्याच्या पुढील आवृत्त्या झाल्या. हें पुराण कां रचिलें गेलें, याचें कारण ग्रंथकारानें आरंभींच सांगून ठेविलें आहे. रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका ब्राह्मण श्रोत्यानें त्यांस विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें काय? प्रश्न धीटपणाचा होता आणि न्यायाचाही होता. लोकांच्या ओठांवरचें गाणें काढून घेतलें व त्या जागीं दुसरें दिलें नाहीं, तर ती जागा रिकामीच राहते. स्तीफन्स यांनीं दिलेलें उत्तर हें तात्त्विक प्रवचन नव्हतें. ज्ञानेश्वरीची जी ओवी, घरोघर जात्यावरची जी ओवी, त्याच वळणाच्या ओवींत त्यांनीं प्रभूचें चरित्र गाऊन दाखविलें. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आखूड सोडलेला, या छंदांत वाचणाराचा स्वर आपोआप चढतो आणि आपोआप उतरतो. रविवारीं व सणासुदीस मंदिरांत हें पुराण लोकांस ऐकविलें जाई.

त्याच गोव्यांत लॅटिन धर्मगानही भरभराटीस आलें होतें. मंदिराशेजारीं शाळा, व शाळेंत मुलांस स्वरलेखन, गायन व वाद्य शिकविणारा "मेस्त्री", ही संस्था गोव्याच्या गांवोगांवीं रुजली. पुढें मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतांत ज्या गोमंतकीय वादकांनीं नांव कमावलें, त्यांच्या शिक्षणाचा पाया बहुधा याच शाळांत घातला गेला होता.

मग हें सर्व गेलें कसें? कारणें अनेक आहेत, पण दोन स्पष्ट दिसतात. पहिलें कारण भाषेचें. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या पोर्तुगीज राजप्रतिनिधीनें हुकूम काढला कीं, तीन वर्षांचे आंत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा हुकुमानें मरत नाहीं हें खरें. परंतु तिच्यांत लिहिण्याचें व गाण्याचें धैर्य मात्र मरतें. क्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांची प्रत आज कोठें उपलब्ध नाहीं. मंगळुराकडे गेलेल्या कॅथोलिक कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, म्हणून तेथें सन १९०७ त जोसेफ साल्दान्य यांस त्याचें मुद्रण करतां आलें. दुसरें कारण संस्थांच्या नाशाचें. पोर्तुगालनें सन १८३५ च्या सुमारास गोव्यांतील मठ बंद केले. ज्या संत ऑगस्टीनच्या मठांत प्रहरोप्रहरीं स्तोत्रगान चाले, त्याच्या मंदिराचें छत १८४२ सालीं कोसळलें, आणि १९३१ त दर्शनी भागाचा बराचसा अंश पडला. आज ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. त्या मनोऱ्यांतील घंटा १८७१ पासून पणजीच्या मंदिरांत वाजत आहे. आपल्या मराठी मुलखांत घंटांचें नशीब गायकांपेक्षां बरें ठरलें, असेंच म्हणावें लागतें. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतल्यावर तेथील मंदिरांच्या घंटा देशावरील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा ही त्यांपैकींच एक म्हणून प्रसिद्ध आहे. घंटा नव्या ठिकाणींही वाजते. गवई गेल्यावर त्याची चीज मात्र कोणी वाजवून दाखवीत नाहीं.

बुडालेलें संगीत परत येतें काय? येतें, पण आपोआप येत नाहीं. फ्रान्समध्यें सोलेम येथील मठ १८३३ सालीं पुन्हां वसला. तेथील संन्याशांनीं जुनीं हस्तलिखितें एकमेकांशीं ताडून पाहण्यांत दोन पिढ्या घालविल्या. त्याचें फळ म्हणून २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशीं, पोप दहावे पायस यांनीं धर्मसंगीताविषयींचें आज्ञापत्र काढून ग्रेगोरियन गान पुन्हां सर्व लोकांच्या मुखीं आणण्यास सांगितलें. योगायोग असा कीं, त्याच १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं नगर जिल्ह्यांत "निरोप्या" मासिक सुरू करून मराठी कॅथोलिकांस स्वतःचें नियतकालिक दिलें. दुसरीकडे इंग्लंडांत आर्नोल्ड डोल्मेच नांवाच्या कारागीर वादकानें विस्मृतींत गेलेलीं तंतुवाद्यें व बांसऱ्या स्वतःच्या हातानें घडविल्या, आणि १९२५ सालीं हेझलमिअर या लहान गांवांत प्राचीन संगीताचा वार्षिक उत्सव सुरू केला. राजधानींतील मोठें नाट्यगृह त्यास लागलें नाहीं, हें आपण लक्षांत घ्यावें.

आपल्या जवळचें उदाहरण जुन्या गोव्याचें आहे. त्यामागील कथा सांगण्यासारखी आहे. जॉर्जिया देशांतील काखेतीची राणी केतेवान हिनें धर्मांतरास नकार दिला म्हणून इराणचा शहा अब्बास याच्या आज्ञेनें सन १६२४ त शिराज येथें तिला हाल करून ठार मारण्यांत आलें. तेथील ऑगस्टिनियन संन्याशांनीं तिच्या अस्थि मिळविल्या आणि त्यांतील कांहीं १६२७ सालीं गोव्यास आणून आपल्या मठांत ठेविल्या. छत कोसळल्यावर त्या मातीखालीं गेल्या. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननांत २००४ सालीं तेथें एक अस्थि सांपडली. हैदराबादच्या प्रयोगशाळेंत तिची जनुकीय तपासणी होऊन, ती केतेवान राणीचीच असावी असा निष्कर्ष पुढें आला. आणि जुलै २०२१ मध्यें भारत सरकारनें तो अवशेष जॉर्जियास अर्पण केला.

या राणीचें नांव धारण करणारा पवित्र संगीताचा उत्सव २०१६ सालीं जुन्या गोव्यांत सुरू झाला. त्याचे प्रवर्तक सांतियागो लुसार्दी जिरेल्ली हे गोवा विद्यापीठांत अँथनी गोन्साल्विस यांच्या नांवाच्या पाश्चात्य संगीताच्या अध्यासनावर आलेले. या उत्सवाची घडण आपणांस विचारार्थ घेण्याजोगी आहे. केवळ गायन ठेविलें नाहीं. गायनाबरोबर व्याख्यानें व शिक्षणवर्गही ठेविले. आणि केवळ ख्रिस्ती गायन ठेविलें नाहीं. युरोपांतील जुन्या धर्मगानाशेजारीं भारतीय शास्त्रीय संगीत व सूफी गायन यांसही स्थान दिलें. ज्या केतेवानेच्या देशांत तीन कंठांचें गायन लोकपरंपरेनें चालत आलें आणि २००१ सालीं युनेस्कोनें ज्याचा गौरव केला, त्या देशाची आठवण गोव्याच्या मातींत पुन्हां गाण्याच्याच रूपानें जागी व्हावी, हें यथायोग्यच झालें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. गोवा कोठें आणि यवतमाळ कोठें, असें कोणी म्हणेल. येथें समुद्र नाहीं, चारशें वर्षांचें मंदिर नाहीं. आपला अमरावती धर्मप्रांतही १९५५ सालचा. परंतु येथें जें आहे तें थोडें नाहीं. झरी, मारेगांव, केळापूर या बाजूस गोंड व कोलाम बांधवांचा ढेमसा आहे. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर होळींत बंजारा बंधुभगिनी लेंगी गातात. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या वृद्धा अजून खेड्यांत भेटतात. एकतारीवरचें भजन तर गांवोगांव आहे. आणि आपल्या मंदिरांत, सत्तरी ओलांडलेले असे कांहीं थोडे जन आहेत, ज्यांनीं लहानपणीं लॅटिन मिस्सा गाइलेली आहे. पुस्तक न उघडतां ते "तान्तुम एर्गो" आरंभापासून शेवटपर्यंत म्हणतात. त्यांची संख्या दरवर्षीं कमी होत आहे. आम्ही जी घाई करीत आहों ती एवढ्याचसाठीं.

या सूचनेवर तीन आक्षेप येतील, व ते मानाचे आहेत. पहिला असा कीं, लॅटिन ही कोणालाही न समजणारी भाषा. मराठींत उपासना मिळविली असतां मागें कां जावें? आम्हांसही मागें जावयाचें नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जें संविधान काढलें, त्यानें देशी भाषांस दार उघडलें हें उत्तमच झालें. परंतु त्याच संविधानांत दोन गोष्टी आणखी आहेत. रोमन उपासनेंत ग्रेगोरियन गानास प्रमुख स्थान असावें, ही एक. आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या त्या परंपरेस योग्य मान व जागा द्यावी, ही दुसरी. आपण मोकळीक घेतली आणि या दोन्ही गोष्टी बाजूस ठेविल्या. लॅटिन गेलें, त्या जागीं ओवी आली नाहीं, ढेमसाही आला नाहीं, बहुत ठिकाणीं आली ती चित्रपटाची चाल, विजेच्या पेटींतला तयार ठेका, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज. चार जण गातात व चारशें ऐकतात. क्रिस्तपुराणांतील त्या श्रोत्याचा प्रश्न आज आपणांसही लागू पडतो: जुनें काढलें, त्या जागीं काय दिलें?

दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या जिल्ह्यांत कापसाच्या भावावर घराचें सुखदुःख अवलंबून, ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर दुःखानें घेतलें गेलें, तेथें संगीताचे सोहळे शोभतात काय? या प्रश्नास आम्ही हलक्यानें उत्तर देऊं इच्छीत नाहीं. परंतु नीट पाहिलें तर हें संगीत गरिबांचेंच आहे. त्यास वाद्य लागत नाहीं, वीज लागत नाहीं, भाडें लागत नाहीं. ज्या घरीं मरणाचें दुःख आलें, त्या अंगणांत ध्वनिक्षेपक नेणें कोणासही रुचत नाहीं. आणि गातां येणारें कोणी नसलें म्हणजे तेथें लोक नुसते उभे राहतात. सहा माणसांस मृतांसाठींचें गान मुखपाठ येत असेल, तर ज्यानें सर्व गमावलें त्याच्या दारींही तें पोहोंचतें. ही उणीव भरून निघाली तरी सत्राचा खर्च वसूल झाला, असें आम्ही समजूं.

तिसरा आक्षेप मंदिराच्या पावित्र्याचा: देवाच्या घरांत जलसा कसा? याचें उत्तर रोमहून ५ नोव्हेंबर १९८७ रोजीं निघालेल्या सूचनापत्रांत आहे. धर्मसंगीताचा कार्यक्रम मंदिरांत होऊं शकतो. मात्र प्रवेश विनामूल्य असावा, गायकांनीं वेदीच्या परिसरांत बसूं नये, आणि पवित्र साक्रामेंत शक्य तर दुसऱ्या योग्य ठिकाणीं ठेवावें. हे नियम आपण अक्षरशः पाळावे.

आतां योजना. कापसाची वेचणी उरकत येते त्या सुमारास, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापासून राखेच्या बुधवारापर्यंतच्या काळांत, तीन रविवार घ्यावे. प्रत्येक रविवारीं दुपारीं शिक्षणवर्ग, तिसऱ्या प्रहरीं व्याख्यान आणि सायंकाळीं गायन, असा क्रम असावा. पहिला रविवार ग्रेगोरियन गानाचा. त्या दिवशीं शिक्षक बाहेरून आणण्यापूर्वीं आपल्या वृद्ध मंडळींस पुढें बसवावें. "तान्तुम एर्गो", "साल्वे रेजिना" आणि "मिस्सा दे आन्जेलिस" यांतील एखादा भाग एवढेंच शिकवावें. प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ फळ्यावर लिहिल्यावांचून एकही ओळ गाऊं नये. "आन्जेलिस" मिस्सेंतील बरेच भाग पंधराव्या शतकानंतरचे आहेत, हेंही व्याख्यात्यानें सांगावें. जुनें तें सारें सारखेंच जुनें नसतें, हें कळणें हाही शिक्षणाचा भाग आहे.

दुसरा रविवार ओवीचा. क्रिस्तपुराणांतील निवडक भाग, जात्यावरची ओवी आणि वारकरी कीर्तनाची चाल, यांची एकत्र बैठक व्हावी. गांवांतील कीर्तनकारबुवांस आदरानें आमंत्रण द्यावें. ओवी कशी टाकावी हें त्यांच्याइतकें कोण सांगणार? कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं कीर्तनाच्या द्वारें प्रभूचें चरित्र महाराष्ट्रास ऐकविलें, हें स्मरून प्रॉटेस्टंट बंधूंसही पाचारण करावें. त्यांचें युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ त पुण्यास जाण्यापूर्वीं याच यवतमाळांत होतें.

तिसरा रविवार आपल्या जिल्ह्यांतील गोंडी, कोलामी व बंजारा गायनाचा. येथें मात्र एक पथ्य आहे. हीं गाणीं त्या त्या समाजाचीं आहेत. त्यांतील कांहीं त्यांच्या पूजेचीं आहेत. चाल आवडली म्हणून तिच्यावर आपले शब्द बसवूं नयेत. प्रथम ऐकावें, अर्थ विचारावा, आणि ज्यांचें गाणें त्यांच्या अनुमतीनें व त्यांच्या हातूनच काय उपासनेंत यावयाचें तें यावें.

या तीन रविवारांचें एक लेखी फळही उरावें. आज प्रत्येक तरुणाच्या खिशांतील दूरध्वनींत आवाज नोंदण्याची सोय आहे. वृद्धांचें गायन नोंदून घ्यावें, आणि प्रत्येक नोंदीसोबत गाणाराचें गांव, वय, गाणें कोणाकडून शिकलें व कोणत्या प्रसंगीं गातात, एवढें वहींत लिहावें. गाणाराची संमति आधीं घ्यावी. एक प्रत मंदिराच्या दप्तरीं बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारीं ठेवावी; कारण तीही आपल्या जन्माचीच नोंद आहे.

बंधुभगिनींनो, बर्डच्या गायकांस बंद दाराआड गावें लागलें. स्तीफन्स यांच्या ओव्या ज्यांनीं जपल्या त्यांनीं त्या हातानें उतरून काढल्या. सोलेमच्या संन्याशांनीं दोन पिढ्या झिजविल्या. आपणांस यांतील कांहींच सोसावयाचें नाहीं. आपलीं दारें उघडीं आहेत, भाषा आपली आहे, आणि शिकविणारे अजून आपल्यांत बसले आहेत. पहिल्या शिक्षणवर्गासाठीं नांवें नोंदविण्याची वही सभेनंतर दाराशीं ठेविलेली आहे. ती आज रिकामी जाऊं नये, एवढीच विनंति.